रिकाम्या आलेखावर माझा नंबर

"हात धुऊन घे पयले," शिल्पाची आई म्हणाली. "आन कशाले हात नको लावजो, बेटा. नुसतं पाहाजो."

मी हात धुतले. घरून धुऊनच निघाले होते. पण सकाळची बस पकडण्याआधी मी सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायचे आणि तो हिरवेपणा नखांतून जात नसे. मोरीत उभी राहून नखांत साबण घासला. बाहेर आले तर शिल्पा कॉम्प्युटरवरचं फुलाफुलांचं आवरण काढत होती. माझ्यासाठी स्टूल ठेवला होता. तिच्या खुर्चीपासून हातभर लांब.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. आम्ही दोघी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सला. तिच्या वडिलांचं वर्ध्यात सिमेंट-लोखंडाचं दुकान, घर बोरगाव मेघेला. मी देवळीच्या पलीकडच्या गावची, घरी भाजीपाला. आमच्यात ठरलं होतं: सर्किट कॉम्प्युटरवर चालवून त्याचा आलेख कसा काढायचा ते ती मला दाखवणार, आणि मी तिचं जर्नल लिहून देणार. माझं अक्षर चांगलं होतं.

मी जळायचे तिच्यावर. आडपडदा कशाला ठेवू. तिच्या कॉम्प्युटरवर जळायचे, पंख्यावर जळायचे, आणि सगळ्यात जास्त तिच्या उजव्या हातावर. माउसवर ठेवलेला तो निवांत हात. कॉलेजातही तेच. चौघांत एक मशीन, आणि माउस ज्याला येतं त्याच्याकडे. येतं कुणाला? ज्याच्या घरी आहे त्याला. बाकीच्यांनी मागे उभं राहून आकडे उतरवून घ्यायचे. मी अख्खं वर्ष मागे उभी होते.

ग्राफपेपरवर मात्र माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. कपॅसिटर भरत जातो तसं घड्याळ बघत व्होल्टेज मोजायचं, ठिपके मांडायचे आणि एका दमात त्यांतून वळण काढायचं. सर माझा कागद वर्गात फिरवायचे. मग लॅबमध्ये मशीनं आली आणि माझ्या पेन्सिलीला कुणी विचारेना. शिल्पाला पट्टीशिवाय रेघ येत नव्हती. पण पडद्यावर तिचं वळण क्षणात उमटायचं, हिरवं, गुळगुळीत.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत पहिल्यांदा मी खुर्चीवर बसले. बाहेरगावचे परीक्षक होते, आमचे सर होते. कपॅसिटरचंच सर्किट आलं. बॅटरी, रेझिस्टर, कपॅसिटर, ग्राउंड. सगळं पाठ होतं. जोडलं, चालवलं. काळी खिडकी उघडली. आडवी रेघ, उभी रेघ, खाली आकडे. आत काहीच नाही.

परत चालवलं. काहीच नाही. तिसऱ्यांदा चालवलं.

सर मागे येऊन उभे राहिले. शहरातल्या पोरींना ते नावानं हाक मारायचे, आम्हाला गावानं. पलीकडचं माझं गाव त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून मी देवळी.

"काऊन वं देवळी? बी पेरलं का त्याच्यात? उगवंल म्हणून पाहून राह्यली?"

परीक्षक हसले. पलीकडच्या मशीनवरची शिल्पा हसली. ओठ दाबून, पण हसली.

"ऊठ. वेळ झाला तुह्या."

उठले. आणि उभी राहिले तेव्हा शिल्पाचा पडदा दिसला. तिचीही खिडकी कोरीच उघडली. मग तिच्या डाव्या हातानं कीबोर्डवरचं एक बटण दाबलं. नावांची यादी आली, तिनं एक नाव निवडलं, वळण उमटलं. कुठलं व्होल्टेज काढायचं ते मशीनला सांगावं लागतं. नाही सांगितलं तर ते काही काढत नाही. बस, इतकंच.

तिच्या घरी मी हे वीसदा तरी पाहिलं असेल. पाहिलं कसलं, समोर घडलं. माझी नजर तिच्या उजव्या हातावरून हललीच नव्हती. डावा काय करतो ते मी बघितलंच नाही. तिनं काही लपवलं नव्हतं. जळता जळता मीच आंधळी झाले होते.

सर जवळ आले. आवाज खाली आणला. "शिल्पाच्या दोन प्रिंट काढतो. एकीवर तुह्या नंबर टाक. पास करून टाकतो तुले."

बाबांनी बजावलं होतं, एक जरी विषय गेला त कॉलेज बंद, वावरात ये. मला ते आठवत होतं. तरी तोंडातून निघालं, "नको सर. माह्या मशीनवर जे आलं तेच छापा."

"त्याच्यावर काईच नाई."

"असू द्या. माह्या नंबर टाका."

मी सत्यवादी म्हणून नाही बोलले. जळत होते म्हणून बोलले. तिचं वळण माझ्या नंबराखाली लागलं असतं, तर जन्मभर मी तिच्या घरच्या स्टुलावरच बसलेली राहिले असते.

त्या विषयात नापास झाले. बाबांनी दोन दिवस वावरात नेलं. तिसऱ्या दिवशी जुड्या बांधल्या आणि कुणाला न विचारता बसमध्ये चढले. दुपारच्या सुट्टीत लॅब उघडी असायची. वीज असेल त्या दिवशी मी डबा न खाता मशीनसमोर बसायचे. बटण सापडलं, यादी सापडली. पण सर्किट चालवायचा वेळ फार मोठा दिला की वळण एका कोपऱ्यात दबायचं आणि पुढे नुसती सरळ रेघ. कमी दिला तर वळण अर्धंच. चार दिवस डोकं फोडल्यावर कळलं, हे तर स्केल धरणं आहे, एका चौकटीला किती सेकंद ते ठरवणं. कागदावर मी पहिलं तेच करायचे. मशीन मला येणारीच गोष्ट विचारत होतं, आणि वर्षभर मला त्याच्याजवळ कुणी बसू दिलं नव्हतं.

नव्या सत्राची प्रॅक्टिकलं जवळ आली. शिल्पा कोरी जर्नलं घेऊन आली. "या खेपेले दोन विषयांचं लिहून देशील? आई म्हणे, घरी येत जाय."

"तुह्यं तू लिही."

पहिल्या प्रॅक्टिकलला सगळ्यांच्या आधी गेले आणि खुर्चीत बसले. सर आले.

"ऊठ वं देवळी. शिल्पाले बसू दे. बॅचचा वेळ जाते."

"मले नाव हाय, सर. आन मी नाई उठत."

माउस हातात घेतला आणि सर्किट जोडायला लागले. शिल्पा मागे उभी राहिली, वही घेऊन. ती उभी आहे याचा मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू.

आजही एखाद्याच्या हाताखाली काही सहज चालताना दिसलं की मला जळतं. ते जाणार नाही, मला घालवायचंही नाही. पण मागे उभी राहून नाही जळणार. आधी खुर्ची घेईन. मग काय जळायचं ते जळेन.