पैनगंगेकाठी कानातला फाया

माघ सरत आला होता, तरी पहाटे नांदेड सोडताना अंगावरचा स्वेटर निघेना. सोमवारी बायकोच्या, सुनंदाच्या, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. डावा आधीच अधू. डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती. ती एवढंच म्हणाली, "त्याआधी एकदा पाणमांजर बघायचंय." लहानपणी माहेरी, पैनगंगेत, तिनं ते पाहिलं होतं.

मला चैन पडेना. भोकरला चहा घेतला, हिमायतनगरला पुन्हा घेतला. दोन्ही बाजूंनी पळस फुलला होता. ती काच खाली करून बघत होती.

अभयारण्याच्या नाक्यावर वाटाड्या गफूरभाई भेटले. जवळ येताच थबकले.

"साहेब, खसाचं अत्तर लावलंय?"

"हो. का?"

"जनावरं बघायला आलाव का बरातीला?"

सुनंदानं माझा कान चाचपला. आत फाया (अत्तरात भिजवलेला कापसाचा बोळा) होताच. घराबाहेर पडायचं तर कानात फाया, ही आमच्या वडिलांपासूनची रीत. हात आपोआप जातो.

"अहो, मी साबणसुद्धा लावला न्हाई आज!" ती कळवळून म्हणाली.

नदीवर पोचताच मी ओल्या रेतीनं कान, मान, सगळं घासलं. गफूरभाईंनी हुंगून पाहिलं.

"आता खस अन् चिखल, दोन्हीचा वास येऊन राहिला. वहिनी, तुम्ही चला. साहेब हितंच बसतेत. वारा तिकडून हाय, बरं झालं."

मी बसलो. उठलो. भाकरीचं फडकं सोडलं, तिळाची चटणी उघडली, पुन्हा बांधली. टिटवी ओरडली की वाटायचं, गेलं, माझ्यामुळं पळालं. सोमवारनंतर तिला काय दिसेल कुणास ठाऊक, आणि आजचाही दिवस मी नासवला तर?

ती आली ती जवळजवळ पळतच.

"तीन होती हो! खडकावर! एक मासा खाऊन राहिलं होतं. मिशा दिसल्या मला, मिशा!"

परतीच्या वाटेवर तिनं तेच पुन्हा पुन्हा सांगितलं. हिमायतनगरला तिनाची चार झाली, भोकरला पाच. आमच्या घरात किस्से फुगवायचं काम माझं. आज ते तिनं केलं.

नांदेडचे दिवे दिसू लागले तसा म्हणालो, "चुकलं गं. आजपासून फाया बंद."

"बंद कशाला?" ती डोळे मिटून बसली होती. "सोमवारी लावून या. डोळ्यावर पट्टी असंल. तुम्ही आलाव ते कळायला नको मला?"

सोमवारी मी दोन्ही कानांत फाया घातला.