बिनतिकिटाची स्वारी

आमच्या दादाच्या पायाला भिंगरी आहे. जेवतोसुद्धा उभ्यानेच, अन् घास तोंडात असताना नजर पाण्यावर. स्पीडबोटीला लांबलचक रबरी केळं बांधायचं, त्यावर पर्यटकांना बसवायचं आणि समुद्रात फिरवून आणायचं, हा त्याचा धंदा. मी त्याची धाकटी बहीण. किनाऱ्यावर टेबल टाकून तिकिटं फाडते, लाइफ जॅकेटचे पट्टे आवळते आणि दिवसभर त्याची भुणभुण ऐकते.

फेरीच्या शेवटी केळं मुद्दाम उलटवावं लागतं. नाही उलटवलं तर लोकांना फसवल्यासारखं वाटतं! पाण्यात पडलेले किंचाळतात, हसतात, आणि दादा डोकी मोजतो. जितकी तिकिटं मी हातात दिली तितकी डोकी दिसली, की सगळ्यांना वर घ्यायचं. घरी जेवतानाही तो आम्हाला मोजतो. वहिनी वैतागते, "अहो, आम्ही कुठे बुडतोय?"

त्या रविवारी समुद्र उसळलेला होता, गर्दी तर विचारू नका. दादाच्या लेकीने सकाळपासून त्याचा पिच्छा पुरवला होता. शेवटी त्याने तिला केळ्याच्या शेपटाला बसवलं. मी तिचे पट्टे आवळले आणि सहा जणांची तिकिटं दादाच्या हातात कोंबली. घरच्या पोरीचं कसलं आलंय तिकीट?

लांबवर केळं उलटलं. थोड्या वेळाने बोट परत निघाली, जवळ आली. केळ्यावर सहाच जण होते.

"दादा, पोर कुठंय?" मी घसा फाडून ओरडले.

त्याने मागे पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. लोकांना उतरवायचंही भान राहिलं नाही. बोट तशीच गर्रकन वळवली. मी कंबरभर पाण्यात कधी शिरले, मलाच कळलं नाही. मनात नको नको ते येत होतं. लाटांमागे काही म्हणजे काही दिसेना.

बोट आली तेव्हा ती त्याच्या मांडीवर होती. एका हाताने तो बोट चालवत होता, दुसऱ्याने तिला घट्ट धरून ठेवलं होतं. मी तिला ओढून घेतलं. "घाबरलीस ना गं?"

"नाही आत्या. बोट लांब गेली तरी मी रडले नाही. बाबा मोजतात ना, मग येणारच!"

बोट बांधायला घेतलेला दोर दादाच्या हातून सुटला. "तुला मोजलंच नव्हतं गं, बाळा," तो कसाबसा म्हणाला.

बाबा थट्टा करताहेत असं वाटून ती खो-खो हसायला लागली.