सरांची उसनी जीभ

आमच्या शेजारचे सर वाईन करत आणि तिचा थेंबही पीत नसत. परभणीच्या त्या शेतकी कॉलनीत उलट्या रीतीची माणसं पुष्कळ होती, म्हणजे न करता पिणारी; पण सरांसारखे ते एकटेच. फळबागेच्या खात्यात ते द्राक्षं शिकवायचे. कॉलेजात असताना त्यांनी वडिलांबरोबर धम्मदीक्षा घेतली होती, आणि पाच शीलांतलं पाचवं, नशेपासून लांब राहण्याचं, त्यांनी गळ्यातल्या ताइतासारखं जपलं होतं. तरी द्राक्षांच्या वाईनचा प्रयोग खात्यानं त्यांच्याच हाती दिला. साहेबलोकांना खात्री होती, की या माणसाकडून माल कमी भरणार नाही.

पीत नसत, पण वास घेत. सरांचं नाक म्हणजे कॉलनीतलं एक प्रस्थ होतं. सकाळी फिरून येताना ते आमच्या खिडकीपाशी थांबत आणि खालच्या आवाजात सांगत, "वहिनी, डाळ खाली लागायलीय." मी धावत जाऊन बघायची, तर खरंच लागत असायची. मी तेव्हा गंगाखेडहून नुकती लग्न होऊन आलेले, विशीही न गाठलेली, आणि मला वाटायचं की आपल्याला स्वयंपाक येतो. माझं तोंड मात्र त्या वेळीही आजच्यासारखंच चालायचं.

सरांची वाईन पांढरी. तीन द्राक्षांची मिळून केलेली. अनाब-ए-शाही, भोकरी आणि थॉम्सन. फ्रान्समध्ये रोन नावाची एक नदी आहे, तिच्या काठचे लोक अशा दोन-तीन पांढऱ्या जाती एकत्र नांदवतात, असं ते सांगत. "एक अंग देते, एक वास देते, एक ताठ उभं राहायला शिकवते," ते म्हणायचे. "एकटीदुकटी असली की लवकर म्हातारी होते. मिळून राहिल्या की फार जगतात." मी विचारलं होतं, "आमच्या गावच्या गंगेएवढी हाय का हो ती नदी?" सरांनी गंभीरपणे सांगितलं, "मी पाहिली नाही. पण गंगाखेडच्या माणसाला ती लहानच वाटेल."

प्रयोग संपला, अहवाल गेला, आणि उरलेल्या बाटल्या सरांनी रीतसर मागून घरी आणल्या. परभणीच्या उन्हाळ्यात कुत्रीसुद्धा नळाच्या चिखलात बसतात, तिथं वाईन कशी जगवायची? सरांनी न्हाणीच्या कडेला मोठा रांजण मांडला. त्याच्या पायाशी वाळूचा वाफा केला आणि वाळूत बाटल्या आडव्या निजवल्या. रांजण पाझरायचा, वाळू ओली राहायची. दुपारी सगळी कॉलनी खिडक्यांना ओली गोणपाटं लावून पडलेली असायची, तेव्हा त्यांच्या घरात तो ठिबक ठिबक आवाज यायचा. मी सरांच्या बायकोकडे, बाईंकडे, निवडायला गहू घेऊन जायची आणि त्या आवाजात मला पेंग यायची. आजही डोळे मिटले की आधी तो आवाज येतो, मग ओल्या वाळूचा गारवा, आणि मग सर, पाटावर बसून बाटल्यांकडे बघणारे, पाळण्याकडे बघावं तसे.

बाटल्या निजवल्या ते साल अठ्ठ्याहत्तर. पावसाळ्यात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. पालमकडे सरांच्या भावाचं घर होतं. सर गेले तेव्हा भिंती उभ्या होत्या आणि आत काही नव्हतं. भाऊ-भावजय जिवानिशी वाचले, एवढंच. परत आल्यावर एके सकाळी त्यांनी वाळूतली एक बाटली काढली, उघडली, नाकाशी नेली आणि खाली ठेवली. पुन्हा नेली. मग बाईंना म्हणाले, "नुसता धूर यायलाय."

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं.

मलाच का, तर त्याआधी कॉलनीतल्या सगळ्यात मोठ्या साहेबांच्या घरी हळदीकुंकू झालं होतं. साहेबीणबाईंनी श्रीखंड केलेलं. सगळ्या वाहवा करत होत्या आणि मी मोठ्यानं म्हणाले, "दही आंबलंय वो." आमच्या ह्यांची बढती त्या श्रीखंडात बुडाली, असं माझ्या सासूबाई मरेपर्यंत सांगत. सरांनी मात्र ती गोष्ट ऐकून ठेवली होती. "पिणाऱ्या माणसाची जीभ लबाड असते," ते म्हणाले. "मला न पिणारी पाहिजे. अन् निर्लज्ज. वहिनी, या बाटल्यांपुरती तुमची जीभ मला उसनी द्या. एकच चमचा. माझ्या नाकाचा आता भरवसा नाही."

सासूबाईंना सांगितलं, की सरांचं द्राक्षाचं औषध चाखायचंय. त्या म्हणाल्या, "जा. पर चमचा आपल्या घरचा ने." मी माझ्या रुखवतातला चांदीचा चमचा पदराखाली घेऊन गेले. बाईंनी तो पाहिला. माझं झाल्यावर त्यांनी तो धुतला, पुसला आणि फळीवरच्या डब्यात टाकला. "राहू दे इथंच, माय," त्या म्हणाल्या. "पुढच्या खेपेला आनायला इसरशील." तो चमचा परत माझ्या घरी कधी आला नाही, आणि मागायची माझी छाती झाली नाही.

पहिला चमचा घेतला आणि मी म्हणाले, "चांगलं लागतं."

"चांगलं म्हणजे?"

"म्हणजे... गोड न्हाई. आंबट बी न्हाई."

"वहिनी, मी तुम्हाला काय नाही ते विचारलं नाही."

मी पुष्कळ वेळ जीभ टाळ्याला लावून उभी राहिले. शेवटी म्हणाले, "पेरू फोडल्यावर सुरीला येतो ना वास, तसं." सरांचा चेहरा त्या पावसाळ्यात पहिल्यांदा उजळला. तिथंच ठरलं. दर थंडीत एक बाटली उघडायची, एक चमचा घ्यायचा. आणि शेवटची बाटली राखायची. विद्यापीठाला नाव लागेल त्या दिवशी ती फुटेल. भाऊ येईल, पाहुणे येतील, ते घोटघोट पितील आणि सर वास घेतील. "दिवाळीपर्यंत होईल," ते म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

उघडलेली बाटली मोरीत जात नसे. बाई ती आंबवून तिचा शिरका करायच्या आणि त्यात हिरव्या मिरच्या मुरवायच्या. बरणी आमच्याकडे यायची. सासूबाई भाकरीबरोबर एक मिरची खायच्या, मग दुसरी, आणि डोळे पुसत म्हणायच्या, "हातात चव हाय बरं हिच्या." चमचा घरचा हवा होता, मिरची कुठली, कशात मुरली, हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

दोन-तीन थंड्या पेरूत गेल्या. मध्ये एकदा बाईंनी ओल्या वाळूत कोथिंबिरीच्या जुड्या खोचून ठेवल्या, ताज्या राहाव्यात म्हणून. सर अस्वस्थ. "तिला वास लागेल ना!" पुढच्या थंडीत मी चमचा घेतला, डोळे मिटले, भुवया उंचावल्या (तोवर मी स्वतःला फार मोठी समजू लागले होते) आणि जाहीर केलं, "थोडी कोथिंबीर लागायलीय सर." बाई चुलीपुढून म्हणाल्या, "जुड्या मी दुसऱ्याच दिवशी काढल्या की गं. साऱ्या तुझ्या सासूला दिल्या." त्यानंतर महिनाभर बाई मला बघितलं की विचारायच्या, "काय लागायलंय आज? मेथी?"

मग ती गप्प झाली. वाईन म्हणते मी. एका थंडीत चमचा घेतला आणि काहीच नाही. पेरू नाही, फूल नाही, शिळं पाणी. पुढच्या वेळी तेच. खात्यातले लोक म्हणाले, सर, ओता आता. सर म्हणाले, "ही जात अशीच आहे. तरुणपणी बोलते, मग अंगातलं सगळं आत ओढून घेते आणि निजते. किती वर्षं, ते तिलाच ठाऊक. झोपलेल्याला मेलेलं म्हणू नका." नावाचंही तेच चाललं होतं. मोर्चे निघत, पोरं तुरुंगात जाऊन येत, ठराव कागदात पडून होता. लोक म्हणत, विसरा आता. सर त्यांनाही तेच वाक्य ऐकवत. भाऊ मात्र विसरायला लागला होता की काय कोण जाणे. त्यानं परभणीतच खोली घेतली होती आणि गावाचं नाव काढत नव्हता.

बाटल्या संपत आल्या, तेव्हा सर दर थंडीऐवजी थंडीआड एक उघडू लागले. अशाच एका खेपेला त्यांचा चेहरा मला बघवेना. चमचा घेतला, पाणीच होतं. मी म्हणाले, "आला, सर! पेरू आला."

सरांनी बूच हळूच बाटलीवर दाबलं. "वहिनी, पेरू हा तुमचा जुना शब्द आहे. जागी झाली तर ती तोच शब्द बोलणार नाही. इतकी वर्षं झोपून उठलेलं माणूस निजताना होतं तेच राहतं का?" रागावले नव्हते. उलट मलाच समजावत होते. "नसेल तर नाही म्हणा. मला नाही चालतं. उसनी जीभ खोटी झाली, तर मी कुणावर विश्वास ठेवू?"

मी वरमून घरी आले आणि सासूबाईंवर चिडले. त्यांचा काही संबंध नव्हता, पण जवळ त्याच होत्या.

सर निवृत्त झाले. स्टेशनच्या बाजूला त्यांनी दोन खोल्या बांधल्या होत्या. सामान टेम्पोतून गेलं. रांजणही गेला, वाळूही पोत्यात भरून गेली. शेवटची बाटली मात्र सर सायकलरिक्षात मांडीवर घेऊन बसले, बाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून. कोपऱ्यावर वळेपर्यंत ते एका हातानं तिला धरून होते आणि दुसऱ्यानं आम्हाला टाटा करत होते. शेजारचं दार बंद झालं. दुपारी कान लावला तरी ठिबकायचा आवाज येईना. मला त्या दुपारी झोप लागली नाही.

मग चौऱ्याण्णवची संक्रांत आली. विद्यापीठाला नाव लागल्याचं रेडिओवर ऐकलं, आणि मी तिळाची वडी थापता थापता तशीच उठले, हाताला तूप लागलेलं, आणि ऑटो केला. गल्लीत फटाके वाजत होते, निळे झेंडे लागले होते, कुणीतरी माझ्या हातावर पेढा ठेवला. सर अंगणात उन्हात खुर्चीवर बसलेले. फार वाळले होते. त्या वर्षानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. भाऊ शेजारी बाजेवर बसला होता, धोतराचं टोक हातात घेऊन.

"पुरतं कुठं झालं?" भाऊ म्हणाला. "जुनं नाव बी ठिवलंच की मागं."

"मिश्रण आहे," सर म्हणाले. "मुरेल." मग माझ्याकडे वळले. "या वहिनी. तुमच्यासाठीच थांबलोय."

बाईंनी डब्यातून माझा चांदीचा चमचा काढला. काळा पडला होता, त्यांनी तो राखेनं घासला. वाळूतून बाटली निघाली. बूच अर्धं हातात आलं, अर्धं तुटलं, ते भावानं सुईनं उकरून काढलं. आतली वाईन आता पांढरी नव्हती. आईच्या जुन्या नथीच्या सोन्याचा रंग आला होता तिला. बाईंनी काचेच्या पेल्यात ओतली. फटाक्यांचा आवाज थांबला की काय, मला ऐकूच येईना.

मी चमचा तोंडात घेतला.

सर माझ्या तोंडाकडे बघत होते. भाऊही. मी घाई केली नाही. इतक्या वर्षांत तेवढं शिकले होते.

"पेरू न्हाई," मी म्हणाले. "मध हाय. पर बाटलीतला न्हाई, पोळं मेणासकट चावावं तसा. करडई भाजल्यावर हाताला वास राहतो, तसं काहीतरी हाय. हैदराबादची खुबानी भिजवून ठेवलेली. अन् शेवटाला संत्र्याच्या सालीचं कडू. गिळल्यावर बी जात न्हाई सर. अजून हाय. अजून... जागी हाय सर."

बाईंनी पदर डोळ्याला लावला. भावानं पेला घेतला, एक घोट घेतला, आणि धोतराचं टोक सोडून दिलं. "गोड हाय रे, दादा," तो म्हणाला. गोड नव्हती ती. पण मी मध्ये बोलले नाही, हे लिहून ठेवते, कारण घरात कुणाचा विश्वास बसणार नाही.

तेव्हा सरांनी हात पुढे केला. भावानं पेला त्यांच्या हातात दिला. त्या पावसाळ्यातल्या सकाळनंतर या वाईनपाशी त्यांनी नाक नेलं नव्हतं. त्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले आणि ओठांच्या वर, नाकाच्या खाली, तसाच धरून ठेवला. कितीतरी वेळ. ऊन त्यांच्या गुडघ्यांवरून खाली सरकलं.

"सर?" मी म्हणाले.

"धूर आहे अजून," सर म्हणाले.

भावाची मान खाली गेली.

"पण चुलीचा," सर डोळे न उघडता म्हणाले. "आई भाकरी टाकायलीय."

मी घाईघाईनं पुन्हा चमचा बुडवला. जिभेवर धरला, टाळ्याला लावला. मेणाच्या मागं, सालीच्या कडवटपणाच्या अलीकडं, अगदी बारीक. होता. एवढी मोठी जीभ घेऊन मी आले होते, आणि मला तो लागला नव्हता.