बस खाली बसली तेव्हा

ज्या गाडीसाठी कुणी ढकलत नाही, ती गाडी जाणार नसते. मिरजगावच्या स्टँडवर चाळीस वर्षं खांदे झिजवून मिळवलेलं हे ज्ञान घेऊन मी जर्मनीला गेलो.

लेकीला मुलगी झाली होती. जावई दवाखान्यातच होते. त्यांनी फोनवर सांगितलं, चारची बस धरा, सहावा थांबा. भेटायची वेळ पाचला संपते आणि पुढची बस तासाभरानं. बायकोच्या हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, वजन साधारण अर्ध्या पोत्याचं. आणि गुडघे असे, की पायरी दिसली की तिला आधी देव आठवतात.

थांब्यावर रांग. इतकी सरळ की तिच्या कडेनं उसाची सरी पाडावी. दोन माणसांच्या मधून गाभण म्हैस आडवी निघून जाईल एवढी जागा. कुणी बोलत नाही, कुणी रस्त्यावर येऊन डोकावत नाही. मला पहिला संशय तिथंच आला.

"गाडी रद्द झालीय," मी बायकोला म्हणालो. "ह्यांना ठावं हाय. आपल्यालाच सांगितलं न्हाई."

"मग ती उभी कशाला हायेत?"

"तेच तर!"

तेवढ्यात बस आली. कुणी हललं नाही. मी कडेनं मुसंडी मारून आत शिरलो आणि पहिल्याच सीटवर टोपी टाकली. जागा धरली! वळून बघतो तर अख्खी रांग जागच्या जागी, आणि पुढचा ताडमाड माणूस बायकोला हातानं 'आधी तुम्ही' म्हणतोय. दुसरा संशय. त्याची नजर लाडवांवर असणार.

मी खाली उतरून डबा ताब्यात घेतला. तिनं पाय उचलला आणि बसनं लांबलचक फुस्स केलं. ते सबंध धूड दाराच्या अंगाला कललं. उसाची ट्रॉली अशी बसताना मी हजारदा पाहिलीय.

"मागं हो! टायर गेला!" मी बायकोला ओढलं, हात आडवे करून रांगही मागं सारली आणि वाकून चाकं तपासू लागलो. सगळी ठणठणीत. हे तर फारच संशयास्पद. माझ्या अंदाजानं तास गेला, बायकोच्या मते दोन मिनिटं. एक हॉर्न नाही, एक शिवी नाही. आपल्याकडं एव्हाना मला उचलून टपावर टाकलं असतं. एवढा दम धरणाऱ्या माणसांना आपल्याकडून नक्की काहीतरी हवं असतं.

"अवं, ती माझ्यासाठी खाली बसलीय," बायको म्हणाली. पायरी तिच्या चपलेपाशी आली होती. "तुमी बसा पंक्चर काढत. मी चालले लेकीकडं."

आणि गुडघ्याला हात न लावता ती चढली. ड्रायव्हरनं कसलंसं बटण दाबलं आणि बस फुस्स करून उठली. मग रांग चढली, सगळ्यात शेवटी मी. टोपीला कुणी हात लावला नव्हता, तरी मी ती आतून चाचपून घेतली.

पाचला वीस मिनिटं असताना नात आजीच्या मांडीवर होती.

महिनाभरानं मिरजगावच्या स्टँडवर गाडी लागली. मी सवयीनं खिडकीतून टोपी फेकली. मागं बघतो तर बायको दारासमोर उभी, हलेना.

"अगं, चढ की!"

"थांबा जरा. खाली बसू द्या तिला."

"आजी, कुणाला बसू द्या?" कंडक्टर म्हणाला.

गाडी काही बसेना. मग मी दोन्ही हात आडवे करून दार अडवलं आणि ती एकेक पायरी चढू लागली. माझ्या मागं सगळे थांबले. कुणी ढकलेना.

"काय वो," मागून एकानं घाबरून विचारलं, "गाडी रद्द झाली का काय?"