आमच्या साडूंचा हिवाळा

आमच्या साडूंइतका हिवाळ्याला भिणारा माणूस उभ्या जर्मनीत सापडणार नाही, आणि पुण्यात तर त्यांनी भ्यावं इतका हिवाळाच नाही. इंगोलश्टाटमध्ये येऊन त्यांना आता बरीच वर्षं झाली. घरापासून चालत पाच मिनिटांवर सुपरमार्केट आहे. ते भर बर्फातही उघडं असतं आणि तिथे डिसेंबरातसुद्धा टोमॅटो, द्राक्षं वगैरे मंडळी आरामात बसलेली असतात. पण ऑगस्ट संपत आला की साडूंचा चेहरा वेढा पडायच्या बेतात असलेल्या किल्लेदारासारखा होतो. "दिवस लहान व्हायला लागले," असं ते संध्याकाळच्या लख्ख उन्हात, घाम पुसत म्हणतात आणि तळघरातून रिकाम्या बरण्या वर आणतात.

या बरण्या काचेच्या, झाकणही काचेचंच, मधे नारिंगी रबराचं कडं आणि वर दोन चाप. फळं भरायची, साखरेचं पाणी ओतायचं, झाकण लावायचं आणि विजेच्या एका अगडबंब पातेल्यात बरण्या बुडवून उकळायच्या. गार होताना झाकण असं घट्ट बसतं की आतला ऐवज वर्षानुवर्षं टिकतो. जर्मन आज्या याला आइनकोखन म्हणतात. साडू हे व्हिडिओ बघून शिकले आणि त्यातला 'टिकतो' हा भाग त्यांनी फारच मनावर घेतला, कारण त्यांची एकही बरणी उघडलेली कोणाच्या पाहण्यात नव्हती. पाहुणा आला की त्याला आधी तळघरात नेतात, दिवा लावतात आणि दर्शन घडवतात. प्रसाद नसतो. वर आल्यावर पोळीबरोबर सुपरमार्केटचा जॅम मिळतो. एकदा माझ्या बायकोने, म्हणजे त्यांच्या सख्ख्या मेहुणीने, धीर करून सफरचंदांची एक बरणी मागितली. "आत्ता? आत्ता तर बाजारात सफरचंदं मिळताहेत की," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. तिने जानेवारीत पुन्हा विचारलं, तेव्हा अजून अख्खा फेब्रुवारी जायचाय, असं उत्तर आलं.

दुसरं वेड सायकलचं. या गावात माणसं गाड्या बनवतात, गाड्यांवर जगतात आणि गाड्यांविषयीच बोलतात. साडूही गाड्यांचे ब्रेक डिझाइन करूनच पोट भरतात, पण स्वतः गाडी घ्यायला तयार नाहीत. ब्रेकच्या आत काय काय बिघडू शकतं ते मला ठाऊक आहे, असं ते गूढपणे सांगतात. सायकलीला पुढे दोन, मागे दोन पिशव्या, अंगात झगझगीत पिवळं जाकीट, आणि शिस्त अशी की सुपरमार्केटमध्ये ट्रॉली वळवतानासुद्धा हात बाहेर काढून इशारा करतात. एकदा कडधान्यांच्या रांगेत त्यांचा तो हात एका बाईंच्या चष्म्याला लागला. साडूंनी माफी मागितली, पण वळण्याचा हक्क आपलाच होता हेही त्यांना समजावून सांगितलं. सामान जास्त असलं की मात्र तत्त्व जरा बाजूला सरतं आणि त्यांना माझी गाडी चालते.

गेल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी ही दोन्ही वेडं एकदम अंगात आली होती. त्याला कारणही तसंच होतं. त्यांची एकुलती एक मुलगी, आमची भाची, दुसऱ्या दिवशी सकाळी कायझर्सलाउटर्नला शिकायला निघणार होती. माणूस अशा वेळी मुलीला जवळ घेतो, डोळे पुसतो, निदान फोन करत जा म्हणतो. साडूंनी आठवडाभर तिला फक्त क जीवनसत्त्वाविषयी ऐकवलं. हिवाळाभर पुरतील इतक्या बरण्या तिच्याबरोबर द्यायच्या, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. युनिव्हर्सिटीत मेन्झा आहे, तिथे जेवण मिळतं आणि माझ्या खोलीत बरण्या ठेवायला जागा नाही, हे तिने शुद्ध जर्मनमध्ये तीनतीनदा सांगून पाहिलं. साडू दर वेळी "या, या" करत राहिले. हे त्यांचं जर्मन 'हो, हो' होतं आणि त्याचा अर्थ मुळीच नाही असा होता.

सकाळीच वरात निघाली. पुढे साडू, मागे भाची, आणि शेवटी माझ्या मेहुणीच्या सायकलवर गुडघे हनुवटीला लावून मी. इकडे पूर्वीच्या बागांमधली बरीच झाडं तशीच उभी असतात, आणि मालकाला फळं नको असली की तो बुंध्याला पिवळी फीत बांधतो. फीत दिसली की कुणीही यावं, फळं न्यावीत, कुणी हटकत नाही. पुण्यात ही पद्धत सुरू केली तर फळांच्या आधी फीत जाईल. साडूंचं लाडकं झाड डोनाऊ नदीच्या पलीकडे, दोन चढांवर. वाटेत दुसरी दोन फितीवाली प्लमची झाडं लागली, मी आशेने ब्रेकही दाबले, पण साडूंनी मान न वळवता हात हलवून नकार दिला. त्याच झाडाचे प्लम हवेत, कारण भाची लहानपणी सायकलच्या पुढच्या खुर्चीत बसून तिथेच यायची, हे मला तिच्याचकडून कळलं. साडूंनी कारण दिलं ते आम्लतेचं.

दुपारी स्वयंपाकघराचा कारखाना झाला. प्लम धुणं, बिया काढणं, वेलदोडे घालणं, बरण्या भरणं, उकळणं. मेहुणी सकाळपासून लेकीच्या बॅगा भरत होती, तेव्हा मदतीला आमच्या सामाईक सासूबाई. त्या पुण्याहून नातीला निरोप द्यायला मुद्दाम आल्या होत्या. जावयाने हातात घड्याळ धरून पातेल्यासमोर उभं राहावं, हे त्यांना पसंत नव्हतं, पण जावई पडला, म्हणून गप्प होत्या. चारच्या सुमाराला सगळ्या बरण्या बाल्कनीत ओळीने गार व्हायला ठेवल्या. संध्याकाळी इमारतीच्या अंगणात होफफेस्ट होता, म्हणजे शेजाऱ्यांचं वर्षाचं एकत्र जेवण. साडू आणि मी खाली टेबलं मांडायला गेलो.

वर आलो तर बरण्यांवर मलमलीची शुभ्र फडकी बांधलेली. सासूबाई झाकणं पुसून, शेवटच्या बरणीत कोरडा चमचा घालून हलवत होत्या.

"अहो, गरमच झाकणं लावलीत तुम्ही," सासूबाई मायेनं म्हणाल्या. "आत वाफेचं पाणी सुटलं होतं. सगळ्याला बुरशी आली असती. बरं झालं, माझं लक्ष गेलं."

उभ्या आयुष्यात त्यांचा एक मुरांबा बिघडला नव्हता, आणि मुरांब्याच्या हिशोबाने त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. पण इथे हवा आत गेली की खेळ खलास. पुन्हा उकळायचं तर नवी रबरं हवीत, कारण एक रबर दोनदा वापरणं हे साडूंच्या लेखी पाप, आणि शिल्लक एकही नव्हतं. ती रबरं मिळणारं दुकान शनिवारी दुपारीच बंद झालं होतं, आणि रविवारी सगळा देश कुलूपबंद. भाची तर सकाळीच निघणार. "आई, बरं केलंत," एवढंच साडू म्हणाले आणि काढून टाकलेली रबरं एकेक करून गोळा करू लागले. इतकी वर्षं मी या माणसाची मनसोक्त टिंगल केली होती, पण त्या वेळी मीही वाकून त्यांच्याबरोबर रबरं वेचली.

मग त्यांनी बरण्या टोपलीत भरल्या आणि सगळ्या खाली नेऊन टेबलावर मांडल्या. सासूबाईंनी अपराधी चेहऱ्याने पुऱ्यांचा घाणा काढला. तळमजल्यावरचे निवृत्त गृहस्थ आले. जिन्यात सायकल ठेवू नये, याशिवाय साडूंशी त्यांचं आजवर कधी दुसरं संभाषण झालेलं नव्हतं. त्यांनी पुरीबरोबर प्लम खाल्ले, पुन्हा वाढून घेतले आणि आपली आई बरण्या कशा उकळायची ते साडूंना खुर्ची ओढून सांगत बसले. अंगण भरलं, बरण्या रिकाम्या होत गेल्या. साडूंनीही एक फोड तोंडात टाकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "छान लागतं की," असं म्हणून ते संशयाने बरणीकडे बघत राहिले.

भाची लांबून हे सगळं पाहत होती. ती येऊन त्यांच्या शेजारी बसली, त्यांच्याच वाटीतलं खाल्लं आणि म्हणाली, "बाबा, नेक्स्टेस यार, पुढच्या वर्षी, माझ्याशिवाय करू नकोस. मी येईन, मग करू." साडूंनी तिला आणखी एक पुरी वाढली.

यंदाचा ऑगस्टही संपत आला. भाचीची परीक्षा सप्टेंबरात ढकलली गेली आहे, त्याआधी तिला येता येणार नाही. आणि उन्हाळा असा कडक, की प्लम वेळेआधीच तयार. मी साडूंना म्हटलं, आपण उतरवू, तुम्ही बरण्यांत भरा, ती आल्यावर खाईल. त्यांनी ऐकून घेतलं आणि सायकल काढली. मीही निघालो. झाडाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मे प्लम गळून फुटलेले, वर गांधीलमाश्या घोंघावत होत्या, आणि हात लावला की उरलेलेही गळत होते. तेवढ्यात भाचीचा व्हिडिओ कॉल आला. झाडापाशीच आहोत म्हटल्यावर तिने विचारलं, पिकले का रे बाबा, की माझ्यासाठी थांबतील?

"छे, कच्चे आहेत अजून," साडू म्हणाले. "तू सावकाश अभ्यास कर."

फोन त्यांनी उंच, वरच्या हिरव्या पानांकडे धरला होता. जमीन तिला दिसू नये म्हणून मीही जरा पुढे होऊन उभा राहिलो.