नुगझारनं वाचवलेली द्राक्षबाग

काखेती या द्राक्षांच्या मुलखातल्या एका गावात १९८५ साली हुकूम आला: लोकांची दारू सुटावी म्हणून उतारावरची जुनी द्राक्षबाग उपटून टाका. काम आलं सरकारी ट्रॅक्टर चालवणाऱ्या नुगझारकडे. त्यानं पहिल्याच वळणावर ट्रॅक्टर ओढ्यात घातला. तो बाहेर निघेपर्यंत बर्फ पडायला लागलं, पुढं साहेब बदलले आणि बाग तशीच राहिली.

आता त्याची नात नातिया त्याच द्राक्षांची वाइन करते. परवा ती पाहुण्यांना सांगत होती, "आजोबांनी मुद्दाम ट्रॅक्टर ओढ्यात घातला. नोकरी गेली, पण वेली वाचल्या."

"कसलं मुद्दाम?" नुगझार म्हणाला. "गावातला सगळ्यात वाईट ड्रायव्हर मीच. विचार तुझ्या आजीला."

आजी, म्हणजे त्सियाला, पाव कापत होती. "खरंय. हे निघाले की कोंबड्यासुद्धा झाडावर चढायच्या."

पाहुणे हसले, तरी त्यांनी त्याच्या नावानं पेले उंचावलेच. नुगझार ओशाळून आपल्या पेल्यात बघत राहिला. वळणावर बापानं लावलेल्या वेली दिसल्या, डोळे भरून आले आणि रस्ताच दिसेनासा झाला, हे त्यानं आजवर त्सियालालाही सांगितलं नव्हतं.