पुस्तकातली मी

ताईंच्या इस्त्रीच्या दुकानात शिरलं की आधी पाणी शिंपडलेल्या कापडाचा ऊन वास येतो आणि मागोमाग ताईंचे प्रश्न. कॉलर होईपर्यंत गिऱ्हाइकाच्या पोरांची चौकशी, बाह्यांना त्याच्या सासूची, आणि शर्टाची घडी पडते तेव्हा घरातलं काही विचारायचं राहिलेलं नसतं. वडिलांनी अंथरूण धरलं तेव्हा ताई शाळा सोडून या टेबलाशी उभ्या राहिल्या. धाकटीला त्यांनी शिकवलं. धाकटी कॉलेजात शिकवू लागली आणि यंदा तिची कादंबरी आली.

ताई आधी नुसत्या हरखून गेल्या. कपडे न्यायला येईल त्याला पुस्तक दाखवायच्या. मग एका निवांत दुपारी वाचायला बसल्या, आणि पहिल्याच प्रकरणात चपापल्या. त्यातली गोष्ट सांगणारी ‘मी’ शाळा सोडून इस्त्री करत होती. मनगटाच्या वर भाजल्याचा डाग होता तिच्या. घरात एक धाकटी बहीण होती, पुस्तकात डोकं खुपसून बसणारी, दहा हाका मारल्याशिवाय जागची न हलणारी.

म्हणजे आयुष्य ताईंचं, आणि ‘मी’ म्हणणार धाकटी!

गोष्टच आहे, लिहीत असतील असं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. ती वाचनालयातल्या कार्यक्रमापर्यंत टिकली. तिथल्या ग्रंथपालबाईंनी भरल्या डोळ्यांनी धाकटीचा हात धरला. “केवढं सोसलंत हो! डाग आहे का अजून?” धाकटीने बाही खाली ओढून घेतली. मग बाई ताईंकडे वळल्या. “तुम्ही बहीण ना? नशीब काढलंत, अशी बहीण मिळाली.”

ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पदव्या तिच्या, बक्षिसं तिची, नाव तिचं. आता सोसण्याचं कौतुकही तिचंच?

दुसऱ्या दिवशी धाकटी दुकानात आली.

“काल न सांगताच निघालीस, ताई?”

“तुझ्या हातावर फुंकर घालायला माणसं होती की. डाग मागितला असतास तर दिला असता उसना.”

धाकटी स्टुलावर टेकली. “बाही ओढायला नको होती. चुकलंच माझं. पण पुस्तक दुसऱ्या कशानं झालंच नसतं गं. आधी मी माझ्याच बाजूने लिहिलं होतं. वाचून पाहिलं, तर एक हुशार मुलगी ताईचे आभार मानतेय. नुसता निबंध. मग तुझ्या जागी उभी राहिले आणि तिथून माझ्याकडे पाहिलं.”

“मग, दिसलं काही?”

“शेवट वाचलास?”

ताईंनी पुस्तक अर्ध्यावरच आपटून ठेवलं होतं. धाकटीने शेवटचं प्रकरण उघडून पुढे केलं. धाकटी बहीण कॉलेजात पहिली आलेली असते. ‘मी’ तिच्या बक्षीस समारंभाचा ड्रेस इस्त्री करत असते, आणि तिला वाटतं, इस्त्री जरा जास्त वेळ टेकवली तर? ती टेकवत नाही. पण ते वाटणं चांगलं पानभर होतं.

ताईंचा चेहरा उतरला. “हे मी कुणाला बोलले नव्हते.”

“मी दारात उभी होते, ताई. तू इस्त्री हवेत धरून त्या ड्रेसकडे बघत होतीस. बाकीचं मी लिहिलं.”

“आणि तरी तोच घालून गेलीस?”

“हो. जळला असता तर फिट्टंफाट झाली असती, असं वाटत राहिलं दिवसभर.”

तेवढ्यात ग्रंथपालबाई गाठोडं घेऊन दारात उभ्या. “काल ओळख झाली, म्हटलं आता कपडे इथेच! अय्या, लेखिकाबाईपण इथेच?”

धाकटी उठून उभी राहिली. “बाई, काल माझ्याकडून राहून गेलं. पुस्तकातली ‘मी’ ही आहे. माझी ताई.”

बाई ताईंकडे बघतच राहिल्या. “म्हणजे ते सगळं सोसणं तुमचं?” मग त्यांना काहीतरी आठवलं. आवाज खाली गेला. “आणि तो... तो ड्रेस?”

धाकटी घाईघाईने म्हणाली, “ते माझ्या मनचं.”

ताईंना हो म्हणता आलं असतं. सोसणं आपल्याकडे, जळणं धाकटीच्या कल्पनेत. सुटसुटीत वाटणी झाली असती. पण ते पान तेवढं धाकटीला सोडायचं, हेही त्यांच्या जिवावर आलं.

“तिच्या मनचं कुठलं? माझंच ते,” ताई म्हणाल्या. “पूर्णच्या पूर्ण माझं.” आणि त्यांनी गाठोड्यासाठी हात पुढे केला.

बाईंनी ते दिलं, पण सोडताना क्षणभर थांबून.